उस्तादांचा हात

“हात लावलास?”

“लावला, उस्ताद.”

“मग? काय म्हणतोय?”

सिदगोंडानं बोट शर्टाला पुसलं.

आता हा काही फार अवघड प्रश्न नव्हता. फ्रीजमध्ये बर्फाच्या साच्याखाली हात घालायचा आणि गार आहे की नाही तेवढं सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण सिदगोंडाला ते सांगवत नव्हतं. त्याच्या आधी दस्तगीर उस्तादांनी त्याच जागी हात घातला होता, चांगला वेळभर ठेवला होता, आणि म्हणाले होते, “गारवा न्हाई.”

आणि सिदगोंडाच्या बोटाला तिथं गारठ्याचा असा चटका बसला होता की त्यानं हात झटकन मागं घेतला होता.

“बोल की रं.”

“परत एकदा बघतो, उस्ताद...”

म्हणून त्यानं उगीचच पुन्हा हात आत घातला. तेवढाच वेळ जातो.

जयसिंगपुरातल्या नरदेकाकूंचं हे स्वयंपाकघर. पांढरीशुभ्र फरशी, आणि कोपऱ्यात माणसाहून उंच, दोन दारांचा फ्रीज. बेंगळुरूच्या मुलानं आईसाठी पाठवलेला. त्यात बर्फ आपोआप होतो, म्हणून काकूंनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला होता. आणि आता तोच बर्फ पडेनासा झाला होता.

“बर्फावाचून माझं काय अडलंय?” काकू म्हणत होत्या. “पण पोरगा रोज फोनवर विचारतो हो, आई, बर्फ पडतोय ना? रोज त्याला किती खोटं सांगू?”

सिदगोंडानं मान खाली घातली. खोटं या शब्दाचा त्याला हल्ली त्रास व्हायचा.

फ्रीजमधली करामत तशी साधी. साच्यात पाणी आपलं आपण भरतं. साच्याच्या पोटाला हरभऱ्याएवढा एक सेन्सर चिकटवलेला असतो. पाण्याचा बर्फ झाला की तो यंत्राला सांगतो, झालं बाबा, गोठलं. मग मोटर फिरते, साचा पिळवटतो आणि खडे खडखडत खालच्या डब्यात पडतात. सेन्सरनं सांगितलंच नाही, तर यंत्र बिचारं वाट बघत बसतं. त्याला स्वतःला थोडंच कळतं?

हे सगळं सिदगोंडाला तोंडपाठ होतं. पण खरं सांगायचं तर त्याचा जीव त्या सेन्सरमध्ये नव्हताच. त्याचा जीव खाली फरशीवर अडकला होता.

फरशीवर डाग होता.

दारात चपला काढून आत येताना पहिला दिसला. लालसर, बोराएवढा. सिदगोंडाला वाटलं, काकूंच्या हातून कुंकू सांडलं असेल. मग दुसरा दिसला, मग तिसरा, आणि तिसऱ्याच्या पुढे उस्तादांची टाच.

उस्ताद ताठ मानेनं चालले होते. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. टाचेत काहीतरी घुसलंय, पाऊल टेकलं की रक्त येतंय, आणि या माणसाला पत्ताच नाही!

सिदगोंडा खाली वाकला. त्यानं खिशातलं फडकं काढलं आणि काही सांडल्यासारखं करून डाग पुसले.

“काय सांडलं रं?” उस्तादांनी वळून विचारलं होतं.

“काही न्हाई उस्ताद. पिशवीतनं तेल गळालं थोडं.”

जीभ किती सरावली होती त्याची! विचारसुद्धा करावा लागला नाही.

दस्तगीर उस्तादांचा हात म्हणजे काय होता, हे मिरजेपासून कुरुंदवाडपर्यंत कुणालाही विचारा. फ्रीजच्या पाठीमागच्या नळीवर नुसती बोटं टेकवायचे आणि सांगायचे, इथं चोंदलंय. तिथं उघडलं की चोंदलेलंच निघायचं. त्यांच्या फ्रीजदुरुस्तीच्या दुकानात वीज तपासायचा मीटर होता, पण तो पिशवीच्या तळाशी.

“मीटरला सेल लागतो, हाताला लागत न्हाई,” असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे.

सिदगोंडा कामाला लागला तेव्हा त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी एका गार नळीपाशी नेलं. त्याचा हात आपल्या हातात धरला आणि नळीवर दाबला. त्यांचं बोट त्याच्या बोटावर. “कळलं?” म्हणाले. “आता तुझं बोट उचल आणि सांग, कुठं गारवा संपतो.” पोरगं तसं भांबावलं होतं, पण त्याला कळलं. उस्तादांनी तेव्हा त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्या धपाट्यावर तो आजवर जगत आला होता. गावात लोक त्याला उस्तादांचा उजवा हात म्हणत. हे ऐकलं की त्याची छाती फुगायची.

आणि तोच हात आता...

कसं सांगायचं? कुणी सांगायचं?

उन्हाळ्यात एकदा दुकानात नळ्या तापवून जोडायचं झाळकाम चाललं होतं. तापलेली नळी उस्तादांनी सहज उचलली, इकडून तिकडे ठेवली. चामडी करपल्याचा वास सुटला.

“वास कसला रं सिदू?”

“रबर जळलं उस्ताद.”

पहिलं खोटं हे. तेव्हा त्याला वाटलं होतं, एवढंच सांगायचं आणि पुढचं आपण बघून घ्यायचं.

पुढं मग बघतच बसला. कुरुंदवाडच्या डॉक्टरीणबाईंचा फ्रीज उस्तादांनी हात लावून नको तिथं उघडायला लावला. सिदगोंडा दुपारी जेवायला म्हणून निघाला, सायकल हाणत परत गेला आणि मीटर लावून काम निस्तरून आला. शाळेमागच्या घरी तसंच. बाजारपेठेतल्या दोन दुकानांतही तसंच. उस्ताद आपले खुशीत. गिऱ्हाईकंही खूश. आणि सिदगोंडा? तो रोज घाबरायचा, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात थोडा फुगायचाही. उस्तादांचं नाव आता आपल्या पाठीवर चाललंय, आपण आहोत म्हणून त्यांचा मान आहे, असं काहीबाही वाटायचं त्याला.

पण आज रक्त होतं.

उस्तादांचे थोरले भाऊ मकबूलभाई. त्यांना साखरेचा आजार होता. टाचेला एवढासा फोड आला, साखरेनं पाय बधिर झालेला, दुखत नाही म्हणून कुणी बघितलं नाही. दवाखान्यात दोन पायांनी चालत गेले आणि परत आले ते एका पायानं. त्या दिवसापासून दुकानात दवाखान्याचं नाव कुणी काढायचं नाही, असा अलिखित कायदा होता. उस्तादांनी स्वतःची साखर कधी तपासली नाही. विचारलं की म्हणायचे, “मला काय धाड भरलीय?”

दुखत नाही म्हणून कुणी बघितलं नाही... हे वाक्य सिदगोंडाच्या डोक्यात भिरभिरत होतं. आणि तो दुसऱ्या हातानं खिशातलं फडकं मुठीत दाबून उभा होता.

“सिदू! झोपलास काय हात आत घालून?”

“न्हाई उस्ताद.”

“गारवा हाय का?”

उस्तादांनी त्याचं उत्तर गृहीत धरलं. गेले कित्येक महिने उत्तर एकच असायचं, बरोबर हाय उस्ताद.

ते काकूंकडे वळले. “वैनी, हितं येणारी गार नळी चोंदलीय. फ्रीज पुढं ओढून पाठ उघडावी लागंल. नळी कापून नवी जोडतो.”

“कापायची?” काकूंचा चेहरा पडला. “अहो दस्तगीरभाई, नवाकोरा आहे हो तो!”

“न कापता कशी जोडू?”

“बाकी सगळं गार होतंय की पण. आइस्क्रीम दगडासारखं आहे.”

“बाकीचं वेगळं. ह्या खणाला गारवा देणारी नळी वेगळी.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “वैनी, ह्या हातानं किती फ्रीज बघितले असतील?”

काकू गप्प बसल्या. त्या हातापुढे कुणीही गप्पच बसायचं.

“सिदू, कटर काढ.”

उस्ताद एक पाऊल पुढं आले. फरशीवर आणखी एक डाग उमटला. सिदगोंडानं पटकन त्यावर स्वतःचं पाऊल ठेवलं. ओलं, कोमट लागलं तळव्याला. त्याला एकदम रडू येईलसं वाटलं.

त्यानं पिशवी उघडली. कटर वरच होता. हात लागला आणि तिथंच थांबला.

आजवर निस्तरता आलं होतं. नको तिथं उघडलेलं बंद करता येतं. पण धडधाकट नळी कापली की कापली. ती संध्याकाळी सायकल हाणत येऊन सांधता येणार नाही, निदान पहिल्यासारखी तरी नाहीच. आणि तो पाय? तो कुठल्या संध्याकाळी येऊन निस्तरणार होतास, बाबा?

“उस्ताद...”

“काय?”

“एकदा... मीटर लावून बघू?”

काकूंनी हातातली पळी ओट्यावर ठेवली.

“माझ्या हातावर मीटर लावतोस?”

“हातावर न्हाई उस्ताद. सेन्सरवर.”

“सेन्सरनं काय सांगितलंय ते दिसतंय की.” उस्तादांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. “बर्फ पडत न्हाई. म्हंजे सेन्सर सांगतोय, अजून गार न्हाई. माझा हात सांगतोय, गार न्हाई. दोन साक्षी झाल्या. दोघांचं सांगणं एक. आता तू मधी तिसरा कोण?”

सिदगोंडानं कटर पिशवीत खाली सारला.

“तुझा हात काय म्हणतोय ते सांग. मगापासनं विचारतोय.”

सिदगोंडानं मघाचं बोट चोळलं.

“सांग की!”

“चटका बसतोय, उस्ताद.”

“काय?”

“गारठ्याचा चटका. बोट टेकवत न्हाई.”

सांगून झालं. सिदगोंडाला वाटलं, आता पायाखालची फरशी सरकणार. तसं काही झालं नाही. उस्ताद त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

“म्हंजे मी खोटं बोलतोय?”

“न्हाई उस्ताद.”

“मग सेन्सर खोटं बोलतोय?”

“सेन्सर... व्हय.”

“सेन्सर आणि मी, दोघं एकच बोलतोय. मग त्यातलं एक खोटं आणि एक खरं कसं?”

याचं उत्तर सिदगोंडाकडे होतं. तेच तर द्यायचं नव्हतं.

उस्तादांनी ओट्याजवळचं स्टूल पायानं ओढलं आणि त्यावर बसले. “दाखव,” म्हणाले.

सिदगोंडानं पेचकस घेतला. पहिला स्क्रू दोनदा सुटून फरशीवर घरंगळला. साच्यावरचं झाकण निघालं. साचा त्यानं दोन्ही हातांनी धरला, बाहेर ओढला आणि काकूंनी पुढं केलेल्या पातेल्यावर पालथा घालून पिळला.

खडखडखड...

पातेलं भरलं. पांढरे, टणक खडे. एकूण एक गोठलेला.

“अगं बाई!” काकूंच्या तोंडून निघून गेलं. “बर्फ झालेलाच होता की! नुसता सांगत नव्हता मेला!”

उस्ताद पातेल्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो त्यांनी हळूच पालथा केला, मग उताणा केला.

सिदगोंडाला वाटलं, इथंच थांबावं. नळी वाचली, काकूंचा फ्रीज वाचला. उस्तादांनाही एक वाट मिळाली, सेन्सरनं फसवलं म्हणता येईल. आपण म्हणून टाकावं, उस्ताद, फ्रीजचं दार उघडं होतं ना, तुम्ही बघितलं तेव्हा गरम वारा लागला असेल. शब्द अगदी ओठांवर आले होते त्याच्या.

तेवढ्यात उस्ताद म्हणाले, “सेन्सर तपास. अर्धं काम करून उठायचं न्हाई.”

त्यानं साच्याच्या पोटावरचा सेन्सर अलगद सुटा केला. काकूंकडून रुंद तोंडाचं भांडं मागून घेतलं. त्यात पाणी आणि बर्फाचे खडे टाकले. सेन्सर आत सोडला आणि त्याच्या दोन तारांना मीटर जोडला.

मीटर सेन्सरमधला विजेचा अडथळा मोजतो; गार झालं की तो आकडा चढायला हवा. तिघंही बघत होते.

आकडा जागचा हलला नाही.

“वेळ दे त्याला,” उस्ताद म्हणाले.

वेळ दिला. भांड्याच्या बाहेरून पाणी जमून ओघळायला लागलं. आकडा तिथंच.

“आता मुठीत धर.”

सिदगोंडानं सेन्सर पुसून मुठीत धरला. आता आकडा उतरायला हवा. तोही उतरला नाही. बर्फात जेवढा, मुठीत तेवढाच.

“मेलाय म्हण की,” उस्ताद म्हणाले.

“मेला न्हाई उस्ताद. मेला असता तर आकडाच आला नसता.” सिदगोंडा मीटरकडे बघतच बोलत होता, कामाच्या नादात, बोलून गेला. “जिवंत हाय. यंत्राशी बोलतोय पण. फक्त... त्याला कळत न्हाई.”

आणि मग त्यानं काय म्हटलंय ते त्यालाच ऐकू आलं.

उस्तादांनी हात पुढं केला. सिदगोंडाला वाटलं, सेन्सर मागतायत. पण त्यांनी सेन्सर घेतला नाही. बाही वर सारली आणि आपला उजवा हात त्या बर्फाच्या भांड्यात घातला.

मनगटापर्यंत.

आणि बसून राहिले.

काकूंनी एकदा सिदगोंडाकडे बघितलं, एकदा उस्तादांकडे. खडे हळूहळू उस्तादांच्या बोटांभोवती फिरत होते. बोटांची टोकं पांढरी पडायला लागली. उस्तादांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बस थांब्यावर माणूस बसतो तसे ते बसले होते.

“दस्तगीरभाई, काढा हो हात,” काकू पुटपुटल्या. “गारठला असेल.”

“उस्ताद, काढा!” सिदगोंडा एकदम ओरडलाच.

“का रं?” उस्तादांनी खरोखरच विचारलं. “काय झालं?”

“...काय वाटतंय, उस्ताद?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच उलट्या बाजूनं विचारला गेला होता.

उस्तादांनी डोळे मिटले. शोधत होते. भुवया आक्रसल्या, ओठ आवळले. घरात हरवलेली वस्तू माणूस अंधारात चाचपडत शोधतो, तसा त्यांचा चेहरा झाला.

“पाणी हाय,” शेवटी म्हणाले.

मग हात बाहेर काढला. पांढराफटक, ओघळणारा. थोडा वेळ तसाच समोर धरला आणि नेऊन स्वतःच्या गालावर ठेवला.

गाल दचकला. अख्खा माणूस दचकला. डोळे खाडकन उघडले.

“याऽ अल्ला...” अगदी हळू म्हणाले. “एवढं गार?”

सिदगोंडाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसायला खिशातलं फडकं काढलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे ते फडकं आहे. लाल झालेलं.

उस्तादांनीही ते बघितलं.

“तेल गळालं होतं न्हवं पिशवीतनं?”

सिदगोंडानं फडकं मुठीत लपवलं.

“सिदू.”

“पाय बघा, उस्ताद. उजवा.”

उस्तादांनी पाय गुडघ्यावर घेतला. टाचेत तांब्याच्या नळीचा एक तुकडा रुतला होता, नखाएवढा. दुकानात खाली पडतात तसला. सकाळपासून रुतला असेल, कोण जाणे, कदाचित कालपासून. भोवतीची कातडी ओली आणि काळसर दिसत होती.

“अरे देवा!” म्हणत काकू आत धावल्या.

उस्ताद टाचेकडे बघत राहिले, शेजाऱ्याच्या पायाकडे बघावं तसे. दोन बोटांनी तुकडा उपटून काढला. चेहरा तसाच.

“कधीपासनं ठाऊक हाय तुला?”

“दारातनं आत आलो तवा डाग दिसला.”

“पायाचं न्हाई विचारलं. हाताचं.”

“उन्हाळ्यापासनं.”

“रबर जळलं हुतं, त्या दिवशी...”

“रबर नव्हतं उस्ताद.”

“आणि कुरुंदवाडच्या डॉक्टरीणबाई?”

“मी मागनं जाऊन आलो.”

“शाळेमागचं?”

“तिथंही.”

“बाजारपेठेत?”

सिदगोंडानं नुसती मान हलवली. आता ओरडतील, त्याला वाटलं. हातातला तुकडा अंगावर फेकतील, चालता हो म्हणतील. त्याची सगळी तयारी होती. खरं तर त्यानं तेच मनातून मागितलं होतं.

“तुमचा मान राहावा म्हणून केलं, उस्ताद,” तो कसाबसा म्हणाला. “तुमचा हात म्हंजे... लोकं काय म्हणतील... मला सांगवेना.”

उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी तुकडा बर्फाच्या भांड्याशेजारी ठेवला. खडे विरघळत चालले होते.

“तरीच,” मग म्हणाले. “हल्ली मी चुकतच नव्हतो... तवाच कळायला पायजे हुतं.”

काकू गरम पाणी, औषधाची बाटली आणि जुन्या साडीचं धुतलेलं मऊ कापड घेऊन आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खाली बसल्या. उस्ताद “वैनी, तुम्ही नको” म्हणून पाय मागं घेऊ लागले तर दटावून म्हणाल्या, “गप्प बसा हो. माझ्या भावाचा असता तर धुतला नसता का?” जखम धुतली, कापड बांधलं. बांधता बांधता त्यांनी सिदगोंडाकडे एकदा मान वर करून बघितलं. त्या नजरेत राग होता की कीव होती, ते त्याला कळलं नाही, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नवा सेन्सर उद्या आणून बसवतो, काकू,” तो म्हणाला.

“बसव रे, त्याची घाई नाही. आधी ह्यांना घेऊन जा.”

कुठं, ते काकूंनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

उस्ताद भिंतीला धरून उठले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या क्षणी एकदम म्हातारा दिसला. त्यांनी सिदगोंडाच्या खांद्यावर हात ठेवला, तोच हात. तो अजून बर्फासारखा होता.

“सिदू...”

“जी.”

“मकबूलला पण दुखत नव्हतं.”

“ठाऊक हाय उस्ताद.”

“मला भ्या वाटतंय रं.” हे वाक्य त्यांच्या तोंडून सिदगोंडानं जन्मात ऐकलं नव्हतं. “दवाखान्यात गेलंच पायजे का? का थोडं खरचटलंय नुसतं? तू सांग. तुला दिसतंय न्हवं.”

आणि सिदगोंडाला कळलं की त्यांना एवढंच म्हटलं की पुरे. काही न्हाई उस्ताद. तीनच शब्द. उन्हाळ्यापासून हेच तर म्हणत आला होता तो. उस्तादांचा चेहरा लगेच फुलला असता, दोघं दुकानात गेले असते, चहा मागवला असता.

त्यानं फडकं खिशात कोंबलं.

“गेलंच पायजे,” तो म्हणाला. “टाच काळी पडाय लागलीय, उस्ताद. आत्ताच जायचं.”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. खांद्यावरची बोटं आवळली गेली. किती जोरात आवळली हे त्यांना कळत नव्हतं, पण सिदगोंडाला कळत होतं. त्यानं हूं की चूं केलं नाही.

दोघं दाराकडे निघाले. कापड बांधलेलं होतं, तरी पाऊल पडेल तिथं पांढऱ्या फरशीवर डाग उमटतच होता. एक. पुढे आणखी एक. उंबऱ्यापाशी तिसरा.

सिदगोंडाचा हात आपसूक खिशाकडे गेला. फडकं काढून तो पुसायला वाकला.

उस्ताद थांबले. खाली न बघता, त्याच्या खांद्यावरचा हात त्यांनी जरासा दाबला.

“राहू दे,” म्हणाले. “दिसू दे.”